फौजेतलं जागरण आणि झोप: सोलापुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

विजापूर रोडला, होटगी रोडला भरतीसाठी पहाटे धावणारी पोरं, त्यांचे आईवडील, सुट्टीवर आलेले जवान आणि त्यांच्या घरची माणसं मला जे विचारतात, ते इथे एकत्र लिहून ठेवलं आहे. मी सैन्यात नर्सिंग असिस्टंट होतो. गोळी लागलेल्यांपेक्षा न झोपलेले जवान मी जास्त पाहिले. म्हणून हा विषय मला किरकोळ वाटत नाही.

फौजेत रोज नक्की किती तास काम असतं?

आठ तासांची ठरलेली नोकरी फौजेत नाही. पीस स्टेशनला (सीमेपासून दूरच्या छावणीत) दिवस पहाटेच्या पीटीने सुरू होतो. मग परेड, क्लास, हत्यारांची साफसफाई, दुपारची कामं, संध्याकाळी खेळ आणि शेवटी रोल कॉल (हजेरी). फील्डमध्ये (सीमेवर किंवा मोहिमेवर) चोवीस तास ड्यूटीच समजायची. फक्त त्यातले काही तास पाठ टेकायला मिळतात.

गार्डचा हिशोब मात्र नीट समजून घ्या. २ तास उभं राहायचं, ४ तास आराम, पुन्हा २ तास. कागदावर २४ तासांत ८ तास ड्यूटी आणि १६ तास आराम दिसतो. ऐकणारा म्हणतो, मग त्रास कसला? पण त्या ४ तासांत जेवण आलं, बूट काढणं-घालणं आलं, पुढच्या पाळीसाठी आधीच उठून तयार होणं आलं. सलग तीन तासांच्या वर डोळा लागत नाही. झोपेचं एक पूर्ण चक्र साधारण ९० मिनिटांचं असतं. म्हणजे एका वेळी फार तर दोन चक्रं, आणि तीही धडपणे नाहीत. जवान थकतो तो या तुकड्यांमुळे.

आपल्याकडे ज्यांच्या घरी वडील यंत्रमागावर रात्रपाळी करतात, त्यांना दिवसाची झोप कशी असते हे सांगावं लागत नाही. पण त्यांची पाळी निदान आठवडाभर तरी एकच असते. पहारेकऱ्याची वेळ रोज सरकते, त्यामुळे शरीराला सवय अशी लागतच नाही.

भरतीच्या आधीपासूनच कमी झोपायची सवय लावून घेऊ का?

नको. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि दरवेळी माझं उत्तर एकच असतं. रात्री एक वाजेपर्यंत मोबाईल, पहाटे साडेचारला मैदान, आणि वर "फौजेची तयारी चाललीय" असं सांगणारी पोरं मी बघतो. ही तयारी नाही, अंगातली ताकद वाया घालवणं आहे.

कमी झोपेची सवय शरीराला होत नाही. सवय होते ती फक्त आपण ठीक आहोत असं वाटण्याची. अमेरिकेत २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात काही निरोगी माणसांना सलग १४ दिवस रोज सहाच तास झोपू दिलं. शेवटी त्यांचं लक्ष इतकं ढासळलं होतं, की अख्खी रात्र जागलेल्या माणसाच्या आणि त्यांच्या चुका सारख्या निघाल्या. पण विचारल्यावर ते म्हणत होते, थोडीशीच झोप येतेय. पुढे प्रत्येक उत्तरात हीच गोष्ट येणार आहे: ज्याची झोप तुटली आहे त्याला स्वतःची अवस्था कळत नाही.

उलट झोप आधी साठवता येते. अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संशोधन संस्थेने २००९ मध्ये हे दाखवलं. आधीच्या आठवड्यात रोज दहा तास अंथरुणात घालवलेली माणसं पुढच्या सात रात्री तीन-तीन तास झोपून काम करताना इतरांपेक्षा कमी घसरली. तेव्हा ट्रेनिंगला निघायच्या आधीचे आठ-दहा दिवस सत्कार, पार्ट्या, मित्रांबरोबर रात्रभर गप्पा यात घालवू नकोस. गावात सत्कार ठेवायचाच असेल तर संध्याकाळी सहाला ठेवायला सांग.

दुसरं कारण हाडांचं. पोरं नडगीच्या दुखण्याने ट्रेनिंगमधून मागे पडतात. रोजच्या पळण्याने हाडांना बारीक इजा होतच असतात आणि त्या भरून यायला विश्रांती लागते. इस्रायली सैन्यात नव्या जवानांना होणारी अशी हाडांची तडकणं कमी करायला बरीच वर्षं प्रयत्न झाले. शेवटी दोन गोष्टी लागू पडल्या: कूच करण्याचं एकूण अंतर कमी केलं आणि रोज किमान सहा तास झोप सक्तीची केली. हाडं तडकण्याचं प्रमाण निम्म्याहून जास्त घटलं.

आणि आपला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळीसच्या पुढे असतो, त्यामुळे धावायचं ते सूर्य उगवायच्या आत. म्हणजे चारला उठणं आलंच. मग रात्री नऊला झोप. गच्चीवर, वाऱ्याला, मोबाईल खाली घरात ठेवून. दुपारी उन्हात बाहेर पडता येत नाहीच, तेव्हा अर्धा तास पड.

ट्रेनिंगमध्ये मुद्दाम झोपू देत नाहीत, हे खरं आहे का?

काही टप्प्यांत हो. नाईट मार्च, रात्रीचा सराव, मोर्चे (खंदक) खोदणं हे सगळं झोपेच्या वेळीच होतं. त्यामागे त्रास देण्याचा हेतू नसतो. थकलेल्या अवस्थेत आपलं डोकं कसं चालतं, आधी काय बिघडतं, हे जवानाला सुरक्षित जागी एकदा कळावं लागतं. कुणाची चिडचिड वाढते, कुणी वस्तू विसरतो, कुणी सांगितलेलं ऐकूनही दुसरंच करतो. तुझं काय होतं ते ओळखून ठेव, कारण पुढे खऱ्या ड्यूटीवर तोच तुझा पहिला इशारा असणार आहे.

उस्ताद (ट्रेनिंग देणारे) ओरडतात, रगडा (शिक्षा म्हणून व्यायाम) देतात. चांगले उस्ताद त्याच वेळी नजरही ठेवून असतात. ट्रेनिंगमध्ये रात्री जे तास मिळतात ते फक्त झोपेसाठी वापर. बॅरेकमध्ये लाईट गेल्यावर फोनवर कुजबुजत बसणारी पोरं तिसऱ्या आठवड्यात एमआय रूमच्या (युनिटच्या दवाखान्याच्या) रांगेत दिसतात.

रात्रीच्या पहाऱ्यावर झोप अनावर झाली तर काय करायचं?

पहाटे तीन ते पाच ही सगळ्यात वाईट वेळ. शरीराचं तापमान तेव्हा सर्वात खाली असतं आणि सगळं अंग झोपेकडे ओढत असतं. मन कितीही घट्ट असलं तरी हे व्हायचंच. म्हणून उपाय मनाच्या बळावर सोडायचे नाहीत.

टेकायचं नाही आणि बसायचं नाही. नजर एकाच ठिकाणी रोखून ठेवायची नाही. जवळ, मध्ये, लांब, डावीकडून उजवीकडे असं ठरवून फिरवायची. पायाची बोटं बुटात हलवत राहायची. पाणी थोडं थोडं प्यायचं. ड्यूटीच्या आधी लंगरमध्ये (जवानांच्या जेवणघरात) गच्च जेवायचं नाही. दोघे असाल तर ठरावीक वेळाने एकमेकांना हळू आवाजात काहीतरी विचारायचं, आणि उत्तर "हूं" नसावं, पूर्ण वाक्य असावं. पूर्ण वाक्य बनवायला माणूस जागा लागतो.

दोन रात्री तुटल्या की झुडपं हलताना दिसतात, दगड माणसासारखा दिसतो, कुणी नावाने हाक मारल्यासारखं वाटतं. हे वेड नाही. न झोपलेला मेंदू असं करतो. पण हातात भरलेलं हत्यार असताना ही गोष्ट फार धोक्याची आहे. दिसलं ते खरं का, हे साथीदाराकडून पडताळून घ्या आणि गार्ड कमांडरला कळवा.

हे सगळं करूनही डोळे मिटतच असतील, तर आता पुढचा उपाय झोप हाच आहे. काही सेकंदांची डुलकी आपल्याला न कळता लागते, डोळे उघडे असतानासुद्धा. त्या क्षणी गार्ड कमांडरला सांगायचं: "उस्ताद, डोळा लागतोय, बदली द्या." हे वाक्य जड जातं. मी ते म्हणणाऱ्या जवानाला नेहमी मान दिला.

पहाऱ्यावर झोप लागली तर शिक्षा काय?

आर्मी अ‍ॅक्ट, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे संत्री (पहारेकरी) पहाऱ्यावर झोपला तर सक्रिय सेवेत (शत्रूविरुद्धच्या कारवाईवर) १४ वर्षांपर्यंत आणि एरवी ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. युद्धकाळात किंवा धोक्याच्या वेळी हाच गुन्हा कलम ३४ मध्ये येतो आणि त्यात मृत्युदंडापर्यंत तरतूद आहे. प्रत्येक प्रकरणात इतकी शिक्षा होते असं नाही. पण कायदा एवढा कडक का, ते समजून घ्या: त्या एकाच्या जागं राहण्यावर मागचे सगळे झोपलेले असतात.

चहा, कॉफी, तंबाखू यांनी जागता येतं का?

चहा-कॉफीने येतं, पण वेळ साधून. कॅफिनचा निम्मा अंश उतरायला साधारण पाच तास लागतात. रात्री दोनच्या ड्यूटीसाठी दीडला घोटभर कॉफी उपयोगी. पण चार ते सहाची पाळी करून झोपायचं असेल तर चार-साडेचारचा तो गोड चहा नको, तो पुढची झोप खातो. दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन धडधाकट माणसाला चालतं. म्हणजे कॉफीचे चार-पाच कप. त्यापुढे छाती धडधडते, हात थरथरतात आणि नेम बिघडतो.

तंबाखूबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे, कारण आपल्याकडे मावा आणि तंबाखू-चुना घरातूनच सुरू होतो. तंबाखूने तरतरी येते ती थोडाच वेळ. मग अंग पुन्हा मागतं, आणि झोपेतही मागतं, म्हणून झोप मोडते. शिवाय निकोटिनने हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात. बर्फात ड्यूटी असलेल्याची बोटं त्यामुळे हिमदंशाने जाऊ शकतात.

रम घेऊन झोप लवकर लागते आणि मध्यरात्रीनंतर तुटते. उंचावर तर ती श्वास आणखी मंद करते. झोपेचं औषध म्हणून दारू कुणीही घेऊ नये.

जागं राहायच्या गोळ्या मिळतात म्हणे?

मिळतात, आणि घेऊ नका. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने पर्व्हिटिन नावाच्या गोळ्या सैनिकांना वाटल्या होत्या; तो अंमली पदार्थ मेथॅम्फेटामिनच होता. सैनिक जागले, आणि नंतर व्यसन, भ्रम, गळाठणं सुरू झालं. १९४१ मध्ये त्यांनाच त्यावर निर्बंध घालावे लागले. आजच्या गोळ्या वेगळ्या असल्या तरी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून किंवा मित्राच्या पाकिटातून कुठलीही घेऊ नका.

थोडा वेळ मिळाला तर डुलकी घ्यावी का? किती?

घ्यावी, लाज न बाळगता. नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांना उड्डाणात पाळीपाळीने विश्रांती देऊन पाहिली. ते सरासरी २६ मिनिटं झोपले आणि त्यांची सावधता चांगलीच सुधारली. २० ते ३० मिनिटं किंवा मग पुरा दीड तास, असं धरा. तासाभराने गाढ झोपेतून उठवलं तर माणूस पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तास बधिर असतो. त्या वेळात गाडीची चावी देऊ नये, भरलेलं हत्यार देऊ नये, वायरलेसवर महत्त्वाचा संदेश घ्यायला बसवू नये. सेक्शन (जवानांची छोटी तुकडी) सांभाळणाऱ्या नाईक-हवालदारांनी हे लक्षात ठेवावं ही माझी विनंती आहे.

माझा भाऊ उंचावरच्या चौकीवर आहे. म्हणतो, वेळ मिळाला तरी झोपच लागत नाही. असं का?

उंचावर हवेत ऑक्सिजनचा दाब कमी असतो. झोपेत श्वास काही काळ जोराने चालतो, मग काही सेकंद थांबतो, आणि गुदमरल्यासारखं होऊन माणूस दचकून जागा होतो. रात्रभर हे चालतं. हे नव्या माणसाला जास्त होतं, म्हणून सैन्यात वर चढवण्याआधी टप्प्याटप्प्याने थांबवतात: २७०० ते ३६०० मीटरला ६ दिवस, ३६०० ते ४५०० ला ४ दिवस आणि त्याच्या वर पुन्हा ४ दिवस.

झोप हलकी असणं तिथे नेहमीचं आहे. पण न थांबणारी डोकेदुखी, उलट्या, बसल्या जागी दम, खोकल्यातून फेस किंवा चालताना तोल जाणं यातलं काही असेल तर त्याने सकाळची वाट बघू नये, त्याच क्षणी सांगावं. तुमच्याशी फोनवर बोलताना यातलं काही म्हणाला तर "काळजी घे" म्हणून विषय बदलू नका. "साहेबांना सांगितलंस का?" एवढं जरूर विचारा.

नवरा फोनवर दोन शब्द बोलतो आणि चिडतो. आधी असा नव्हता. माझं काही चुकतंय का?

ताई, बहुतेक वेळा तुमचं काही चुकलेलं नसतं. झोप तुटली की आधी शब्द कमी होतात, मग राग लवकर येतो. त्याला तुमचा कंटाळा आलाय असा अर्थ लगेच लावू नका.

त्याच्या आरामाच्या चार तासांतला अर्धा तास फोन घेतो, हे मात्र दोघांनी मिळून बघायला हवं. ठरवून बोला: ड्यूटी सुटल्यावर "पोचलो" एवढा मेसेज, आणि निवांत बोलणं आठवड्यातून दोनदा, त्याच्या सोयीच्या वेळी. पाच मिनिटांच्या फोनवर जमिनीचा वाद, दिराचं भांडण, हप्ता चुकला हे एकदम काढू नका. घरातल्यांनाही सांगा. मी पाहिलंय, रात्री अकराला आई एक सांगते, साडेअकराला बहीण दुसरं, आणि पोरगा दोनला पहाऱ्याला उभा राहतो तो डोक्यात तेच घेऊन.

पण आठवडेच्या आठवडे तो तुटक असेल, वेळ मिळूनही झोपत नसेल, कशातच रस नाही म्हणत असेल किंवा जगण्याला कंटाळलो असं बोलला असेल, तर हा थकवा म्हणून सोडू नका. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. सैन्यदलांतल्या माणसांसाठी आणि कुटुंबांसाठी त्याचा खास कक्ष डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या एएफएमसीत (सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात) आहे. तुम्हीसुद्धा फोन करू शकता, त्याची परवानगी लागत नाही. जीवाचं काही करेन असं तो बोलला असेल तर थेट युनिटला कळवा, जेणेकरून त्याच्याकडून हत्यार काढून घेता येईल. नवरा रागावेल म्हणून थांबू नका.

सुट्टीवर आला की दोन-तीन दिवस नुसता झोपतो. उठवावं का?

नका उठवू. जेवण झाकून ठेवा. पाहुण्यांना तिसऱ्या दिवसानंतर बोलवा. नियमित जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा मिळते, अग्निवीराला ३० दिवस. त्यातले पहिले दोन झोपेत गेले तर ते वाया गेले नाहीत. चौथ्या दिवसापासून मात्र उठण्याची वेळ एकच ठेवली तर त्याचं घड्याळ लवकर जागेवर येतं.

एका गोष्टीवर मी हट्टाने बोलतो. जम्मूहून झेलम एक्स्प्रेसने पुण्याला, तिथून रात्रीच्या गाडीने सोलापूरला, आणि स्टेशनवरून मित्राची मोटारसायकल घेऊन लगेच बार्शीला किंवा मंगळवेढ्याला. हे करू नका. सलग १७ तास जागलेल्या माणसाचं भान रक्तात शंभर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम दारू असल्यासारखं असतं, २४ तासांनंतर १०० मिलिग्रॅमसारखं. आपल्या कायद्यात गाडी चालवायची मर्यादा ३० आहे. ताशी ६० ने जाताना चार सेकंद डोळा लागला तर गाडी ६५ मीटरच्या वर आंधळी जाते. सीमेवरून धड आलेला पोरगा घरापासून दहा किलोमीटरवर अपघातात जाऊ नये. घरच्यांनी न्यायला जावं, नाहीतर त्याने सकाळची एसटी धरावी.

"झोप येतेय" असं वरिष्ठांना सांगितलं तर भित्रा ठरेन का?

काही ठिकाणी तसं बघतात, ते मी नाकारणार नाही. पण ही समजूत किती महाग पडते ते पाहा. २०१७ मध्ये अमेरिकी नौदलाच्या दोन युद्धनौका दोन महिन्यांच्या अंतराने व्यापारी जहाजांना धडकल्या. फिट्झगेराल्डवर ७ आणि जॉन मॅक्केनवर १० नाविक मेले. दोन्ही टकरी रात्री-पहाटेच्या. चौकशीत प्रशिक्षणाच्या आणि नेतृत्वाच्या चुकांबरोबर थकवाही पुढे आला. त्यानंतर त्यांनी पाळ्या शरीराच्या घड्याळाप्रमाणे लावायला सुरुवात केली. २०२० च्या अमेरिकी सैन्याच्या तंदुरुस्तीच्या पुस्तिकेत झोपेला व्यायाम-आहाराच्या बरोबरीने स्वतंत्र प्रकरण आहे.

सांगण्याची पद्धत मात्र हवी. "मला जमत नाही" असं म्हणू नकोस. "साहेब, कालपासून दोन तास झोप झाली आहे, आता गाडी चालवायची आहे, दुसरा ड्रायव्हर मिळेल का?" असं सांग. त्यात किती झोपलास ते आलं, पुढचं काम आलं आणि उपायही आला. असं सांगितल्यावर बहुतेक जेसीओ (सुभेदार दर्जाचे) साहेब ऐकतात. त्यांनीही त्या रात्री काढलेल्या असतात. आणि तू स्वतः कधी सेक्शन कमांडर झालास तर पाळ्या लावताना कालच्या रात्री कोण उभं होतं ते आधी बघ. नेहमी मुकाट्याने उभा राहणारा जो असतो, त्याच्यावरच जास्त ड्यूटी पडते.

माझे वडील एसआरपीत (राज्य राखीव पोलीस दलात) आहेत. त्यांना हे लागू पडतं का?

पूर्णपणे. आषाढीला पंढरपूरच्या बंदोबस्तात उभी असलेली माणसं लागोपाठ कित्येक दिवस मोडकी झोप घेतात, तीही शाळेच्या वर्गात फरशीवर. त्यांच्या पिशवीत कानात घालायला कापूस, डोळ्यांवर बांधायला काळा रुमाल, जाड चादर आणि सुके मोजे द्या. बंदोबस्ताच्या आधीचे चार दिवस घरी जास्त झोपू द्या. आणि सुटल्यावर रात्रीच दुचाकीने सोलापूरला निघू नका, असं त्यांना आजच सांगून ठेवा.